पिवळी चौकट

४ मार्च, मंगळवार

एकदाचं सामान लागलं. म्हणजे खोकी भिंतीला लागली, एवढंच. पण चहाची भांडी सापडली आणि बाबांचा पलंग जोडून झाला, तेव्हा आजच्यापुरतं घर लागलं म्हणायला हरकत नाही. दोन खोल्या, पुढे एवढासा व्हरांडा, मागे मोरी, आणि स्वयंपाकघराला सकाळचं ऊन येईल अशी खिडकी. वसाहतीत नोकरदारांना तळमजला सहसा मिळत नाही म्हणे. मी अर्जात लिहिलं होतं की वडील विसरभोळे आहेत, जिना चढवत नाही. कोणीतरी चक्क ते वाचलं. मी आज खूश आहे. हे वाक्य बऱ्याच दिवसांनी लिहितेय, म्हणून नवी वहीच काढली.

बाबाही खूश, पण त्यांचं कारण वेगळं. मोरीतला नळ गळत होता. बाबा जन्मभर पाणीपुरवठ्यात फिटर होते. माणसांची नावं गेली, वार गेले, आईला जाऊन किती वर्षं झाली तेही गेलं. पण गळत्या नळाचा आवाज त्यांना तीन खोल्यांपलीकडून ऐकू येतो. मी खोकी उघडायच्या आत त्यांनी पिशवीतून पाना काढला आणि नळ असा आवळला, की आता मला फडकं धरून दोन्ही हातांनी सोडावा लागतो. मग मला विचारलं, पाणी बंद केलंस का. हे ते दिवसातून किती वेळा विचारतात याचा हिशोब मी कधीच सोडलाय. विचारताना कधी मला माझ्या नावानं हाक मारतात, कधी आक्का म्हणतात. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण.

दादाला फोन केला. म्हणाला, बरं झालं, आता तुझ्या मागची कटकट जरा कमी होईल. कटकट म्हणजे बाबा. तो लांब राहतो, त्याला बोलायला काय जातंय.

६ मार्च, गुरुवार

माझी नोकरी म्हणजे बघत बसणं. अख्ख्या वसाहतीवर, बाजारावर आणि बागेवर कॅमेरे आहेत. नियंत्रण कक्षात भिंतभर पडदे, आणि पडद्यांसमोर आम्ही दोघी. दुसरी ताई. तिला सगळे ताईच म्हणतात, तिच्याहून मोठे साहेबसुद्धा. तिची नोकरी संपत आलीय, डोळ्यांखाली कायमची काळी वर्तुळं आहेत आणि थर्मासमधला चहा ती दुपारपर्यंत गार करून पिते. मला तिच्याजवळ बसवलं याचं बरं वाटलं.

काम समजायला सोपं आहे. पडद्यावर जो कोणी हलतो, त्याच्याभोवती यंत्र हिरवी चौकट काढतं आणि त्याला नंबर देतं. माणूस चालतो, चौकट त्याच्याबरोबर चालते. एका कॅमेऱ्यातून दुसऱ्यात गेला तरी नंबर तोच राहायला हवा. मूल हरवलं, पाकीट मारलं, कोणी पडलं, तर लगेच सांगता यायला हवं की अमका कुठून आला नि कुठे गेला. खरी कसरत माणूस आड गेल्यावर सुरू होते. खांबामागे, गाडीमागे, भिंतीमागे. तेव्हा चौकट पिवळी होते. पिवळी म्हणजे अंदाज. माणूस ज्या वेगानं, ज्या दिशेनं चालला होता, त्याच वेगानं यंत्र रिकामी चौकट पुढे चालवत नेतं. पलीकडून त्याच सुमाराला कोणी बाहेर आलं की यंत्र आम्हाला विचारतं, तीच व्यक्ती की दुसरी. आम्ही बटण दाबायचं.

ताईनं पहिल्याच दिवशी कानमंत्र दिला. शंका आली की ‘तीच’ दाबायचं. ‘दुसरी’ दाबलं की पुढचं सगळं हातानं जुळवावं लागतं आणि वर प्रत्येक जुळणीला कारण लिहावं लागतं. दिवस मावळेपर्यंत हात मोडून येतात, असं म्हणाली.

माझ्या खुर्चीवर आधी एक मुलगी होती. एक दिवस यायचीच बंद झाली. ताईला ती बाजारात दिसते, या नोकरीचं निळं जाकीट अजून तिच्या अंगात असतं, पण ओळख देत नाही. ताईला त्याचा राग आहे.

९ मार्च, रविवार

खरं सांगायचं तर ही नोकरी मी बाबांसाठीच धरली. पायाला भिंगरी लावल्यासारखे फिरतात आणि परतीचा रस्ता विसरतात. आता मी कामावर बसून त्यांना बघू शकते. सकाळी मी निघाले की थोड्या वेळानं पिशवी घेऊन तेही निघतात, पंपघराला वळसा घालून बागेत जातात, बाकावर बसतात आणि आल्या वाटेनं परत येतात. ताईला हे ठाऊक आहे. ती म्हणते, म्हातारा शिस्तीचा आहे गं.

पण यंत्राला बाबा काही केल्या सापडत नाहीत. पंपघरामागे एक बोळ आहे, दोन उंच भिंतींमधला. बोळाच्या दोन्ही तोंडांवर कॅमेरे आहेत, आत मात्र काही दिसत नाही. बाबा या तोंडानं आत शिरतात, चौकट पिवळी होते, अंदाजानं चालत पलीकडच्या तोंडानं बाहेर पडते आणि एकटीच बागेकडे जाऊन विरून जाते. बाबांचा पत्ता नाही. पहिल्या दिवशी मी खुर्ची सोडून निघायच्या बेतात होते. बऱ्याच वेळानं बाबा हात झटकत बाहेर आले. यंत्राला वाटलं नवाच माणूस आला, त्यानं नवा नंबर दिला.

आज सुट्टी, म्हणून मागोमाग गेले. आत बागेच्या पाण्याचा एक नळ आहे आणि तो गळतो. बाबा थांबून तो आवळतात, पाणी बंद झालं याची खात्री करतात, मगच पुढे जातात. रोज कोणीतरी तो सैल सोडतं, आणि रोज यांना त्याचा नव्यानं शोध लागतो. मला तिथेच उभं राहून हसू आलं.

१३ मार्च, गुरुवार

आज यंत्राची देखभाल करणारे इंजिनिअर आले होते. सतत अंदाजाच्या गोष्टी करतात म्हणून ताईनं त्यांचं नाव भाकीतराव ठेवलंय, आणि ते त्यांना माहीत आहे. मी बाबांची तक्रार सांगितली. त्यांना आनंदच झाला. कोणी विचारत नाही म्हणे.

म्हणाले, दोघं जण एकमेकांना ओलांडून गेले की नंबरांची अदलाबदल होते, शाळा सुटली की एकाच गणवेशातली सगळी मुलं यंत्राला एकच वाटतात, ढग आला तर सावल्यांना चौकटी लागतात. पण या सगळ्यावर उपाय आहेत. कपड्यांचा रंग, चालायची ढब, उंची, असं जुळवून घेता येतं. उपाय नाही तो थांबणाऱ्यांवर. यंत्र मुळात हलणाऱ्यांसाठी बनवलंय. माणूस आड जाऊन थांबला की अंदाज त्याला मागे टाकून पुढे जातो. आणि उघड्यावरसुद्धा कोणी फार वेळ जागचा हलला नाही, तर यंत्र त्याला हळूहळू भिंत, झाड, बाकडं यांच्यात धरतं. त्याची चौकट काढून घेतं. पार्श्वभूमीत जमा, असं ते म्हणाले, आणि माझा चहा पिऊन गेले.

तेव्हा बाबांची जुळणी मी हातानंच करायची. रोज जाताना एकदा, येताना एकदा. कारणाच्या रकान्यात लिहायचं : वडील, नळ आवळत होते. साहेबांनी एकदा बोलावून विचारलं की हा विनोद आहे का.

१६ मार्च, रविवार

थकले. काल रात्रभर बाबा झोपले नाहीत. मोरीचा नळ बंद आहे हे मी चार वेळा उठून दाखवलं. शेवटी मी त्यांच्यावर ओरडले. ते घाबरून आक्का, आक्का म्हणाले. मग मीच मोरीत बसून रडले. पाणी सोडून रडावं, तर नळ इतका घट्ट की तोही सुटेना.

आज त्यांची नखं कापली. हा आमचा रविवारचा कार्यक्रम. उजव्या तळहातावर पाना सटकून झालेल्या जखमेचा जुना वण आहे, अंगठ्यापासून मनगटापर्यंत. लहानपणी मी त्यावरून बोट फिरवत झोपायची. आजही फिरवलं. त्यांनी विचारलं, पाणी बंद केलंस का. हो म्हटलं.

१८ मार्च, मंगळवार

आज एक बरं झालं. बाबा बोळात शिरले, चौकट पिवळी झाली, आणि पलीकडून अगदी पिवळ्या चौकटीबरोबर बाहेर आले. थांबले नाहीत. यंत्रानं विचारलं, तीच की दुसरी. माझ्या डोळ्यांवर झापड होती, बाजारात तीन चौकटी अडकल्या होत्या, आणि कारण लिहायचं वाचलं याचंच मला इतकं बरं वाटलं की न बघता ‘तीच’ दाबलं.

संध्याकाळी घरी आले तर बाबा खुर्चीत बसले होते. शांत. जेवायला वाढलं, जेवले. झोपा म्हटलं, झोपले. मला वाटलं, औषध लागू पडलं असावं.

२० मार्च, गुरुवार

दोन रात्री गाढ झोपले. मी, म्हणजे. बाबा हाकच मारत नाहीत. काही विचारतही नाहीत. आज दादाचा फोन आला, बाबांच्या कानाला लावला. त्यांनी ओठ हलवले. आवाज आला नाही. दादा म्हणाला, शांत झालेत, बरंच आहे ना, तू उगाच काहीतरी काढत बसू नकोस.

बरंच आहे. मी तेच म्हणतेय स्वतःला. कामावरही त्यांची चौकट आता सरळ हिरवी असते. बोळात पिवळी, बोळाबाहेर हिरवी, एका वेगानं. ताई म्हणाली, सुधारला की गं म्हातारा. मी हसले. मला खरंच हलकं वाटत होतं, आणि हे इथे लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही.

मोरीतला नळ पुन्हा गळायला लागलाय. संध्याकाळभर टपटप. बाबा शेजारच्या खोलीत बसलेत. मान वळत नाही.

२३ मार्च, रविवार

नखं कापायला बसले. नखं वाढलेली नाहीत. आठवड्यात जराही नाही.

हात उलटा केला. वण नाही. तळहातावर रेषासुद्धा नाहीत. धुतलेल्या ताटासारखा गुळगुळीत.

मग नीट बघितलं. डोक्यावरचा प्रत्येक केस जागच्या जागी आहे. टक्कल, टकलावरचा तीळ, खांदे, सदऱ्याची मागची बाजू, सगळं अगदी बाबांचं. पण हनुवटीखाली काही नाही, नुसती सपाट कातडी. कानांच्या आत छिद्र नाही. खिशाला तोंड नाही, नुसती खिशाची रेघ आहे.

कॅमेरे वर टांगलेले असतात. त्यांना जेवढं दिसलं तेवढंच आहे.

२४ मार्च, सोमवार

रजा टाकून बोळात गेले. भराभर, मागे न बघता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कोणी नव्हतं. नळ बंद होता. जाता जाता हात लावला, सुटेना. फडकं धरूनही सुटला नसता इतका आवळलेला. खालची फरशी ओली होती.

असा नळ जगात एकच माणूस आवळतो.

बाबांना हाक मारली. चालत्या पायांनीच मारली, थांबायचा धीर झाला नाही.

घरी आले तर तो, बाबांच्या रूपातला, व्हरांड्यातून येत होता. मी वाटेत उभी राहिले. त्याचा वेग कमी झाला नाही. मी अंग चोरलं नसतं तर —

२५ मार्च, मंगळवार

भाकीतरावांना म्हटलं, बोळाच्या तोंडावरच्या कॅमेऱ्याची पार्श्वभूमी बघायची आहे. हलणारं सगळं काढून टाकल्यावर जे उरतं ते चित्र. त्यांनी काढून दिलं आणि दुसऱ्या पडद्याकडे वळले.

भिंतीची कड. कडेला डाग. डाग नाहीत ते. एक कोपर, निळ्या जाकिटातलं. त्यामागे कोणाचा तरी खांदा. एक लहान हात, कोणाचं तरी बोट धरलेला. सगळे भिंतीच्या रंगाचे. आणि सगळ्यांत अलीकडे, अजून नीट न पुसलेली, पाना धरलेली मूठ.

भाकीतरावांना दाखवलं. म्हणाले, ओल आलीय, रंग उडालाय. मी मूठ दाखवली. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले की तुम्ही थोडी झोप घ्या.

जुळणी उलटवायला गेले. होत नाही. एकदा ‘तीच’ म्हटलं की जुनी नोंद नव्या नोंदीत विरून जाते. बाबांचा नंबर आता त्याच्याकडे आहे.

मी नीट बघितलं असतं तर. एक बटण. एक ओळ कारण. तेवढं लिहायचाही कंटाळा आला मला.

२६ मार्च, बुधवार

दिवसभर स्वतःशी भांडले. घरी जो बसलाय तो त्रास देत नाही. औषध नाही, ओरडणं नाही, पहाटेचं उठणं नाही. असंच चालू दिलं तर कोणाला कळणार आहे. दादाला तर कळणारच नाही.

पण बाबा तिथे नळ धरून उभे आहेत. कोणीतरी यावं आणि सांगावं, की हो, पाणी बंद केलं. मग ते निघतील. मी सांगितल्याशिवाय ते कधीच निघाले नाहीत.

धावत गेलं की दिसत नाहीत. तिथे थांबावं लागतं.

२७ मार्च, गुरुवार

ताईला सगळं सांगितलं. तिनं थर्मास बंद केला. मग म्हणाली की माझ्या खुर्चीवरच्या त्या मुलीची जुळणी तिनेच केली होती. न बघता. एवढंच बोलली.

ठरलंय असं. उद्या दुपारी, ताईची पाळी संपायच्या आत, मी बोळात जाईन आणि थांबेन. अंदाज माझ्या पुढे निघेल. वेळेवर जी बाहेर येईल ती मी नाही. तिला ‘दुसरी’ म्हणायचं. मी उशिरा येईन, बाबांचा हात धरून. ताईनं माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. डोळे मात्र तेवढ्यातही मिटत होते तिचे. तिची जोडीदारीण रजेवर, म्हणजे मी, तेव्हा सगळे पडदे उद्या तिच्या एकटीवर आहेत.

वही बरोबर नेईन.

२८ मार्च, दुपार

आत आहे. नळापाशी थांबलेय. भाकीतराव म्हणाले होते जो हलत नाही तो जमा, म्हणून हात हलता ठेवायला लिहितेय. नुसती अक्षरं काढत राहायचं.

थांबल्यावर दिसायला लागलं. भिंतीला टेकून बरेच जण आहेत. निळ्या जाकिटातली मुलगी माझ्याकडे बघतेय. तिचे डोळे अजून ओले आहेत, बाकी सगळं —

बाबा आहेत. बाबा आहेत इथे. नळ धरून. हात गार पडलाय पण वण आहे, मी बोट फिरवून बघितलं, आहे.

मला आक्का म्हणाले.

पलीकडच्या तोंडाशी कोणीतरी चाललंय. पाठमोरी. माझी पिशवी, माझा अंबाडा. थांबत नाही. बाहेर गेली. ताई बघ. ताई आत्ता बघ

फोन वाजला. ताईचा मेसेज. आलीस ना गं बाहेर, जिवात जीव आला. बाजारात गोंधळ झालाय, एकटी पडलेय. तुला ‘तीच’ दाबलं. बाबा नाही मिळाले का?

उत्तर लिहितेय, जात नाही. इथे रेंज नाही आता. मघाशी होती

बाबांना ओढतेय. खांदा भिंतीतून सुटत नाही, पण हात सुटतोय, थोडा थोडा सुटतोय. माझी पाठ टेकली. टेकवली नव्हती मी. लिहीत राहायचं, लिहीत राहायचं, डावा हात कुठे आहे ते

पाणी बंद केलंस का विचारतायत.

हो बाबा. केलं. घट्ट केलं. चला आता, आपण घरी